तारुण्यपीटिका : उतावीळ टाळा, चेहरा सांभाळा

जून महिना उजाडला की नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील महाविद्यालयांच्या परिसरात नव्या चेहऱ्यांची गर्दी होते. पेठ, सुरगाणा, कळवण, चांदवड, निफाड, सिन्नर अशा तालुक्यांतून मुले-मुली पुढील शिक्षणासाठी शहरात येतात. कोणी वसतिगृहात राहतो, कोणी नातेवाइकांकडे, तर कोणी चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत. घरापासून दूर राहण्याची अनेकांची ही पहिलीच वेळ असते. जेवण, झोप, अभ्यास आणि खर्च यांचा मेळ आता ज्याचा त्यानेच घालावयाचा असतो. नेमक्या याच वयात आरशातील चेहराही बदलू लागतो. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पुटकुळ्या उठतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात, बोलीभाषेत मुरूम.

हा विकार प्राणघातक नाही. म्हणूनच घरातील वडीलधारी माणसे त्याकडे हसून दुर्लक्ष करतात. परंतु ज्याच्या चेहऱ्यावर तो उमटतो, त्या मुलाला वर्गात पहिल्या बाकावर बसणे नकोसे होते. स्नेहसंमेलनात भाग घेणारी मुलगी ऐन वेळी माघार घेते. छायाचित्र काढताना कोणी मागच्या रांगेत सरकतो. या अवघडलेपणातून मग उपायांची घाई सुरू होते. मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब, शेजारच्या दुकानातील गोरेपणाचे मलम, मोबाइलवर पाहिलेला लिंबू-सोड्याचा लेप असे प्रयोग एकामागून एक चेहऱ्यावर होतात. मुरूम बहुधा काही वर्षांनी ओसरतात. या प्रयोगांच्या खुणा मात्र मागे राहतात. म्हणूनच मुरमांपेक्षाही त्यांच्यासंबंधीची उतावीळ अधिक घातक ठरते, ही गोष्ट प्रत्येक तरुणाने व त्याच्या पालकांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

त्वचेखाली काय घडते?

मानवी त्वचेवर असंख्य सूक्ष्म रोमकूप असतात. प्रत्येक रोमकूपाला जोडून एक तैलग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारा स्निग्ध स्राव त्वचेला मऊ ठेवतो. चेहरा, छाती आणि पाठ या भागांवर या ग्रंथी मोठ्या आणि संख्येने अधिक असतात. वयात येताना मुलांच्या व मुलींच्याही शरीरात अँड्रोजन नावाची संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी जोमाने काम करू लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसल्यासारखे होते. आत तेल कोंडते. क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस नावाचे जंतू, जे एरवीही आपल्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहत असतात, त्या कोंडलेल्या तेलात वाढतात. शरीर त्यांचा प्रतिकार करू लागते आणि लाली, सूज, पू ही लक्षणे दिसू लागतात.

ही क्रिया समजून घेतली म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, आज दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात त्वचेखाली काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. त्यामुळे कोणताही उपाय एका रात्रीत गुण देऊ शकत नाही. दुसरी अशी की, हा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे. नाकावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे साचलेली धूळ, असे सर्रास समजले जाते. वस्तुतः रोमकूपाच्या उघड्या तोंडाशी असलेल्या द्रव्यातील रंगकणांमुळे व हवेशी आलेल्या संपर्कामुळे ते काळे दिसतात. ते घासून जात नाहीत.

बारा ते चोवीस या वयोगटातील सुमारे ८५ टक्के व्यक्तींना कधी ना कधी तारुण्यपीटिका होतात, असा आकडा वैद्यकीय ग्रंथांत सामान्यतः दिला जातो. आपल्या प्राचीन वैद्यकालाही हा विकार परिचित होता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ या नावाने त्याचे वर्णन आढळते आणि तरुणांच्या मुखावरील या पुटकुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. सह्याद्रीच्या रानात काटेसावरीचे खोड ज्याने पाहिले असेल, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सहज पटेल. जो विकार इतक्या पिढ्यांना झाला, तो आपल्यालाच झाला म्हणून खंत करण्याचे कारण नाही.

साधी दिनचर्या, नियमित दिनचर्या

तारुण्यपीटिका संपूर्णपणे टाळता येतील असे आश्वासन कोणताही प्रामाणिक वैद्य देणार नाही. आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांचा भाग आपल्या हाती नसतो. परंतु त्यांचा जोर कमी ठेवणे आणि व्रण टाळणे बव्हंशी आपल्या हाती असते. त्यासाठी खर्चिक प्रसाधनांची गरज नाही.

चेहरा दिवसातून दोन वेळा, सकाळी व रात्री, सौम्य साबणाने अथवा फेसवॉशने कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावा. खूप घाम आल्यास आणखी एकदा धुण्यास हरकत नाही. तळहाताने हलकेच चोळावे. घासणी, खरखरीत पंचा किंवा दाणेदार स्क्रब वापरू नये. वारंवार साबण लावल्याने त्वचा कोरडी पडून आग होते आणि सूज वाढते. चेहरा पुसण्याचा पंचा प्रत्येकाचा वेगळा व धुतलेला असावा. उशीचा अभ्राही आठवड्यातून एकदा तरी बदलावा.

त्वचा तेलकट असली तरी तिला ओलाव्याची गरज असते. रोमकूप न बुजविणारे, तेलविरहित मॉइश्चरायझर पातळ थरात लावावे. वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असा शब्द आहे किंवा नाही, हे पाहून खरेदी करावी. उन्हात जावयाचे असेल तर तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफ असलेले सनस्क्रीन, टोपी किंवा ओढणी यांचा आधार घ्यावा. आपल्याकडील सावळ्या व गव्हाळ त्वचेवर मुरूम बसल्यानंतर काळपट डाग बराच काळ टिकतात आणि उन्हाने ते अधिक गडद होतात. अनेकांना खरा त्रास मुरमांपेक्षा या डागांचाच होतो.

केसांना तेल लावण्याची आपली पद्धत चांगली आहे. परंतु रात्रभर डोके तेलाने चोपडून झोपल्यास ते कपाळावर व कानशिलांवर उतरते आणि त्या जागी बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी तेल बेताने लावावे, केस कपाळावर येऊ देऊ नयेत आणि न्हाल्यानंतर कपाळही धुवावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम निषेधाचा आहे. मुरूम फोडू नये, पिळू नये, नखाने खरवडू नये. पिळल्याने पू बाहेर येण्याऐवजी आतल्या भिंती फाटतात, सूज खोलवर जाते आणि खड्डा पडतो. आरशासमोरची दोन मिनिटांची अधीरता जन्मभराचा व्रण देऊन जाते.

घरगुती उपायांबाबतही तारतम्य हवे. डाळीच्या पिठाने हळुवार चेहरा धुण्यास हरकत नसते. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे पदार्थ मात्र त्वचेला भाजल्यासारखी इजा करू शकतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास फोड व काळे चट्टे उठण्याची शक्यता असते.

हवामान, वाहन आणि कामाची जागा

नाशिकची हवा एकूण आल्हाददायक समजली जाते. तरीही एप्रिल-मे महिन्यांतील कोरडे कडक ऊन, पावसाळ्यातील दमटपणा आणि निफाडच्या परिसरात हाडांपर्यंत भिनणारी थंडी अशी तिन्ही रूपे येथे अनुभवास येतात. दमट दिवसांत घामट कपडे अंगावर वाळू न देणे आणि थंडीत गरम पाण्याने वारंवार तोंड धुण्याचे टाळणे, एवढी काळजी ऋतुमानानुसार घ्यावी.

घर्षण आणि दाब यांमुळेही मुरूम वाढतात. कोविडच्या साथीत, २०२० व २०२१ या वर्षांत, मुखपट्टीखाली उठणाऱ्या पुटकुळ्यांचा अनुभव अनेकांनी घेतला. २०२१ साली नाशिक शहरात ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम राबविण्यात आली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो म्हणून ते वापरायचे सोडणे हा उपाय नव्हे. प्राण वाचविणाऱ्या वस्तूचे आतील अस्तर व पट्टा वेळोवेळी धुवावा, दुसऱ्याचे हेल्मेट वापरू नये आणि डोक्याला स्वच्छ सुती रुमाल बांधावा, हा योग्य मार्ग होय.

सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत लेथ आणि अन्य यंत्रांवर काम करणाऱ्या तरुण कामगारांनी आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. यंत्रकामात वापरले जाणारे कटिंग ऑइल कपड्यांत मुरते आणि हातांवर, मांड्यांवर रोमकूप बुजून काळे ठिपके व गळवे येतात. हा वयाचा नव्हे, तर व्यवसायाचा मुरूम होय. तेलाने भिजलेला गणवेश रोज बदलावा व धुवावा, तेल न मुरणारा ॲप्रन वापरावा, तेलकट चिंधीने तोंड पुसू नये आणि काम संपताच साबणाने अंग धुवावे. रॉकेल अथवा डिझेलने हात साफ करण्याची सवय कटाक्षाने सोडावी. त्याने त्वचेचे संरक्षक आवरणच निघून जाते.

द्राक्षबागांच्या पट्ट्यात भुरी रोगावर गंधकाची फवारणी करण्यात येते. मुरमांवरील काही औषधांतही गंधक असते, हे खरे. त्यावरून बागेतील गंधक चेहऱ्यावर लावून पाहण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. पिकाचे औषध आणि त्वचेचे औषध यांतील द्रव्यांचे प्रमाण, शुद्धता आणि त्यांत मिसळलेले इतर घटक वेगवेगळे असतात. फवारणीनंतर हात, चेहरा व मान साबणाने धुणे हेच हिताचे.

आहार, झोप आणि व्यायाम

तेलकट खाल्ल्याने चेहऱ्यावर तेल येते, ही समजूत सार्वत्रिक आहे. पोटात गेलेले तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. शास्त्रज्ञांचे लक्ष आता वेगळ्या बाजूकडे वळले आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे एक प्रयोग करण्यात आला. ज्या गटाला रक्तातील साखर हळूहळू वाढविणारा आहार दिला, त्या गटाचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा अधिक प्रमाणात कमी झाले. साखर, मैदा आणि गोड पेये यांनी रक्तातील साखर व इन्सुलिन झपाट्याने वाढते आणि त्यामुळे तैलग्रंथींना उत्तेजन मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. काही व्यक्तींत दुधाचा व व्यायामशाळांत घेतल्या जाणाऱ्या व्हे प्रोटीनच्या भुकटीचाही संबंध दिसून आला आहे. सर्वांनाच तो लागू पडतो असे नाही. म्हणून सरसकट दूध बंद करू नये.

खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवस पुष्कळदा पाव-चहाने सुरू होतो आणि शीतपेय व बेकरीच्या पदार्थांनी संपतो. त्याऐवजी बाजरी-ज्वारीची भाकरी, कडधान्यांची उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटो आणि हंगामी फळे हा आपला जुना आहार स्वस्त आणि हितकर आहे. नाशिककरांच्या आवडत्या मिसळीतील मोड आलेली मटकी ही उत्तम गोष्ट; पाव आणि फरसाण यांवर मात्र हात आखडता घेतलेला बरा. नाशिकच्या चिवड्याचे चार घास खाल्ल्याने मुरूम येतील अशी धास्ती बाळगण्याचेही कारण नाही.

परीक्षेच्या दिवसांत मुरूम वाढतात, असा अनेकांचा अनुभव आहे. मानसिक ताण व अपुरी झोप यांचा विकारावर परिणाम होतो. रात्री वेळेवर झोप, सकाळी गोदाकाठी किंवा मैदानावर चालणे-धावणे आणि त्यानंतर स्नान यांचा लाभ त्वचेलाच नव्हे, तर अभ्यासालाही होतो.

गोरेपणाच्या मलमांचा फास

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे वळणे आवश्यक आहे. नाशिक हे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे शहर. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद व अन्य आरोग्यशाखांची महाविद्यालये संलग्न आहेत. अशा शहरातही, राज्यातील अन्य शहरांप्रमाणेच, चेहऱ्याचा सल्ला डॉक्टरऐवजी दुकानाच्या फळीवरून घेण्याची सवय रूढ आहे.

काही मलमांत स्टेरॉइड असते. इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांपुरते ते उपयुक्त औषध आहे. तेच मुरमांवर किंवा उजळपणासाठी लावले तर पहिल्या काही दिवसांत लाली ओसरते, चेहरा नितळ दिसतो आणि औषध लागू पडले असा भास होतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि पूर्वीपेक्षा अधिक मुरूम उठतात. मलम थांबविले की चेहरा लाल होऊन आग होते. म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. व्यसनासारखाच हा फास आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची स्टेरॉइडयुक्त औषधे ‘अनुसूची एच’मध्ये आणली. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. कायदा झाला आहे. त्याला यश येणे हे ग्राहकाने चिठ्ठीविना ट्यूब न मागण्यावरही अवलंबून आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो. त्यामुळे काही बेकायदा मलमांत तो मिसळला जातो. त्वचेतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अकोला येथील एकाच कुटुंबातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे व त्या वापरीत असलेल्या मलमात पाऱ्याचे प्रमाण फार मोठे आढळल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले होते. मलमाची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली होती. उजळ रंगाच्या हव्यासाची केवढी किंमत मोजावी लागते, याचे हे विदारक उदाहरण होय. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, घटकद्रव्यांची यादी, परवाना क्रमांक व मुदत छापलेली नाही, ती डबी घरात आणू नये. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

वैद्यकीय सल्ला केव्हा?

साधी काळजी सहा ते आठ आठवडे घेऊनही फरक पडत नसेल, गाठी खोल व दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील किंवा मन खिन्न राहत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. मुरमांबरोबर पाळी अनियमित असणे, चेहऱ्यावर राठ केस येणे, वजन झपाट्याने वाढणे अशी लक्षणे असल्यास मुलींनी संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. क्षयरोग, अपस्मार यांवरील काही औषधांमुळेही पुटकुळ्या येतात. अशा वेळी औषध स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे. चेहऱ्यासाठी क्षयाचा उपचार सोडणे जिवावर बेतू शकते.

आज या विकारावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंची वाढ रोखते. ते कपड्यांचा रंग उडविते, म्हणून जुना पंचा वापरावा. ॲडापॅलिन रोमकूप मोकळे ठेवते. ते रात्री वाटाण्याएवढेच घेऊन संपूर्ण चेहऱ्याला लावावयाचे असते आणि गर्भारपणी टाळावयाचे असते. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटल्यासारखी होते. तेवढ्याने घाबरून औषध सोडू नये, डॉक्टरांशी बोलावे. प्रतिजैविके मनाने घेतल्यास जंतू त्यांना दाद देईनासे होतात. तीव्र विकारात दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. त्यामुळे त्या केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात आणि त्या काळात व नंतर किमान एक महिना गर्भधारणा होणार नाही याची दक्षता घ्यावी.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहण्याचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी राज्यात ‘मैत्री क्लिनिक’ चालविली जातात. शरीराविषयीचे जे प्रश्न घरात विचारण्याचा संकोच वाटतो, ते तेथे मोकळेपणाने विचारता येतात.

घरातील शब्दांचे बळ

औषधापूर्वीचे औषध घरातच असते. ‘तोंडाला हे काय झाले?’, ‘लग्न कसे जमायचे?’ असे उद्गार सहज बोलले जातात. ऐकणाऱ्याच्या मनात ते घर करून राहतात. सण-समारंभात पाहुण्यांसमोर मुलाच्या चेहऱ्याची चर्चा करू नये. त्याऐवजी आईवडिलांनी त्याला विश्वासात घ्यावे, आवश्यक तर सोबत रुग्णालयात जावे. शिक्षकांनी वर्गातील चेष्टेला वेळीच आवर घालावा. आठवी-नववीच्या विज्ञानाच्या तासाला तारुण्यातील बदलांबरोबर त्वचेविषयीही दहा मिनिटे बोलले, तर अनेक मुले पुढच्या चुकांपासून वाचतील.

द्राक्षाचा घड बागेत एका दिवसात तयार होत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत महिनोन्‌महिने बागाईतदार धीर धरतो, नेमाने निगा राखतो आणि घाईने घड हाताळीत नाही. आपल्या त्वचेशीही तरुणांनी असेच वागावे. सौम्य स्वच्छता, साधा आहार, पुरेशी झोप, योग्य वेळी योग्य सल्ला आणि थोडा धीर, एवढ्या भांडवलावर या वयाचा हा टप्पा बहुतेकांना व्रणांवाचून पार करता येतो.